मायचा वाटा

माय, तुला मी कधी धड चिठ्ठी लिहिली नाही. आश्रमशाळेत असताना मास्तर महिन्यातून एकदा पोस्टकार्डं वाटायचे आणि घरी खुशाली कळवायला लावायचे. बाकीची पोरं भराभरा लिहायची, मी पेन चावत बसायचो. तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे कोणीतरी वाचून दाखवणार आणि तो तुझ्याच ओट्यावर ग्लास हातात धरून वाचणार, याची मला लाज वाटायची. शेवटी कार्डभर जागा सोडून "मी मजेत आहे" एवढंच लिहायचो. आता वाचून दाखवणारा कोणी नाही आणि लाजही बरीच झिजली आहे, म्हणून बसलोय लिहायला. बायको विचारून गेली, काय लिहून राहिले? मी म्हटलं, मिलचं काम आहे. तिला ते पटलेलं नाही, पण ती चहा ठेवून गेली.

दर गुरुवारी मी एका खोलीत जाऊन बसतो. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे ती. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, पंखा खडखडतो, भिंतीवर माणसाच्या पोटाचा मोठा तक्ता आहे, त्यात लिव्हर लाल रंगात काढलंय. तिथे भरती व्हायचं नसतं. यायचं, गटात बसायचं, बोलायचं, खिडकीवरून गोळ्या घ्यायच्या आणि दुपारच्या पाळीला कामावर जायचं. खरी नावं घ्यायची नाहीत असं आम्हीच ठरवलं, कारण गोंदिया केवढं, आणि तोंडं केवढी. जो तो आपल्या धंद्याच्या नावाने. एक ऑटोवाला आहे, हिंदी बोलणारा, एकदम गप्पिष्ट. एक रेल्वेतून रिटायर झालेले काका आहेत, आल्याबरोबर सगळ्यांना जयभीम घालतात आणि बसल्याबरोबर कोणाची तरी खरडपट्टी काढतात. एक चोरखमाऱ्याच्या तलावाकडचा मासे धरणारा आहे, तो फार बोलत नाही. आणि मी राइस मिलमध्ये बॉयलरवर असतो, म्हणून माझं नाव बॉयलर. गट चालवणाऱ्या मॅडम नागपूरच्या आहेत, वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारख्या, बोलणं स्वच्छ. सुरुवात दर वेळी एकाच वाक्याने होते. एकेकाने म्हणायचं, "मी आज प्यायलो नाही." प्यायला असला तर तसं म्हणायचं. एकाचं झालं की शेजारचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं, मोठमोठे मिशीवाले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखी हजेरी देतात म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मीही शाळेतल्यासारखा उभा राहून बोललो.

मॅडम शिकवतातसुद्धा. तक्त्यावर काठी ठेवून दारू कुठून कुठे जाते ते सांगतात, तलफ किती वेळ टिकते ते सांगतात, ती ओसरेपर्यंत काय करायचं ते सांगतात. एका गुरुवारी वासांचा धडा होता. म्हणाल्या, माणूस ग्लास उचलायच्या आधी नाकाने अर्धा प्यालेला असतो, तर आपलं नाक आपल्याला कुठे नेतं ते प्रत्येकाने सांगा. ऑटोवाला म्हणाला, "तले हुए चने. बस, खुशबू आई के गाडी अपने आप उधर मुड़ती." काका म्हणाले, ड्युटी संपल्यावर कपड्याला येणारा ग्रीसचा वास. मी म्हटलं, हौदात भिजत घातलेलं धान. आमच्याकडे उसना म्हणजे उकडा तांदूळ निघतो, त्याचं धान दिवसभर पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात त्याला एक आंबूस वास सुटतो. मॅडमनी विचारलं, त्यात काय एवढं? मी म्हटलं, सडवलेल्या मोहफुलांसारखा येतो. त्यांनी मान हलवली. मग त्या बाजूने जाताना तोंडाला फडका बांधा, मोहाचा वास जिथे असेल तिथे थांबूच नका, असं शांतपणे समजावलं. मी हो म्हटलं. तो वास तुझ्या लुगड्याचा आहे, हे मी सांगितलं नाही.

तू आठवलीस की मला चेहऱ्याआधी तो वासच येतो. मागच्या परसात चुलीवर चढवलेलं मडकं, त्यावर उपडं दुसरं, सगळ्यांत वर थंड पाण्याचं भांडं. ते पाणी कोमट झालं की तू बदलतेस, पुन्हा बदलतेस, आणि नळीतून थेंब थेंब खालच्या चरवीत पडतो. बाप तापाने गेल्यावर तुला दुसरं काय करता येणार होतं? चैतात पहाटेच मोहाखाली जाऊन फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, वर्षभर पुरवायची. संध्याकाळी गिऱ्हाईक ओट्यावर येतं, तू ग्लास भरून देतेस, कोणी लांबलं तर "घरी जा गा आता, बायको वाट पाहून राहिली" म्हणून उठवतेस. सगळं आवरलं की मी तुझ्या पदरात तोंड खुपसून झोपतो. गोड, आंबूस, थोडा धुराचा वास. बाकीच्या पोरांच्या मायांना कसला वास येत असेल, याचं मला नवल वाटायचं.

एकदा मी चरवीत बोट बुडवलं होतं. चाटणार एवढ्यात तू हात धरलास आणि तेच बोट चुलीच्या राखेत खुपसलंस. राख गरम होती. मी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "हे विकाचं असते. आपल्या खाचं नाही." एवढंच बोललीस आणि मग माझं बोट धरून कितीतरी वेळ फुंकत बसलीस. त्या दिवसापासून माझी खात्री झाली की माझी माय दारू काढते, विकते, पण जिभेला लावत नाही. पुढे मी स्वतः पिऊ लागलो तेव्हाही ही खात्री होती. मित्रांत बसलो की मी फुशारकी मारायचो, आमची माय नळीपाशी जन्म काढते पण थेंब घेत नाही म्हणून. दारूच्या ग्लासासमोर बसून मायच्या निर्व्यसनीपणाची फुशारकी! लोक ऐकून घ्यायचे, कारण ग्लास माझ्या पैशांचे होते.

आता खरी अडचण सांगतो. तू गेल्यावर दर नवाखाईला मी तुझा वाटा देतो. नवा तांदूळ शिजवून पानावर ठेवायचा, आपल्या हाताने मोहाची धार भुईवर सोडायची, आपल्या माणसाला हाक मारायची. ते झाल्याशिवाय घरात नव्या धानाचं शीत कोणी तोंडात घालत नाही. हे काम मुलाचं, आणि मुलगा मी एकटाच. आता धार किती सोडतात, तर ओंजळभर. उरलेली बाटली काय फेकून देतात? ती घरात जमलेल्या लोकांत फिरते. मी दोनदा दारू सोडली होती माय, चांगली महिनोनमहिने सोडली होती, आणि दोन्ही वेळा नवाखाईलाच पुन्हा धरली. तुझ्या वाट्याच्या बाटलीतून. यंदा डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, आता पुन्हा सुरू केलीस तर मी काही करू शकणार नाही. बायकोने भांडण केलं नाही. तिने पोरीच्या पुढच्या शाळेची चौकशी आपल्या माहेरच्या गावी करून ठेवली, आणि हे मला पोरीकडून कळलं.

म्हणून नवाखाई जवळ आली तशी मी गटात बोललो. एरवी बायको-पोरं, मालक, उधारी हेच विषय. हा विषय निघाला आणि सगळे सरसावून बसले. ऑटोवाला म्हणाला, "तेरे को पीना थोड़ी है, गिराना है. गिरा दे, हाथ झटक, निकल ले." मॅडम म्हणाल्या, बाटली घरात आलीच नाही पाहिजे, दुसरं काही देता येणार नाही का? मी म्हटलं, दुसरं म्हणजे काय? तेव्हा काका म्हणाले, "आमच्यात असं ओतनं-बितनं नाही बापा. पन मायची आठवन करतो तवा तिच्या फोटोपुढं तिले आवडे ते ठेवतो. माह्या मायले बोरकूट आवडे. चिमूटभर बोरकूट ठेवतो, बस. तुझ्या मायले काय आवडत होतं गा?"



माय, मला माहीत नाही. मला माझ्या आवडीचं सगळं माहीत आहे, कारण ते तू करायचीस. अंबाडीची भाजी, चुलीत भाजलेला कांदा, सुकी मोहफुलं तव्यावर परतून तिळासोबत. तू काय आवडीने खायचीस? तू सगळ्यांच्या मागून खायचीस, पाठ करून, आणि उरलेलं खायचीस. उरलेलं आवडतं असं थोडंच म्हणता येतं? तुझ्या आवडीनिवडी तू मावशीशी बोलत असशील, पण तिच्याशी तू गोंडीत बोलायचीस. माझ्याशी मुद्दाम मराठीत, पोराला शाळेत मास्तर हसतात म्हणून. त्यामुळे तुमच्या दोघींचं हसणं मला कळायचं, कशावरून हसता ते कळत नसे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. त्या खोलीतल्या गोलात काका माझ्याकडे बघत होते आणि मला फार एकटं वाटलं. बायकोला विचारलं, ती म्हणाली, मी आले तेव्हा त्या आजारीच होत्या, पेज घ्यायच्या. आता पेज कोणाला आवडते?

पुढच्या गुरुवारी गंमतच झाली. काकांनी पिशवीतून पुडी काढली. "हे ने. माह्या मायचं आहे. तुझ्या मायचं सापडेपर्यंत हे ठेव." बोरकूट होतं. ऑटोवाल्याने स्टेशनजवळची जिलबी आणली होती, म्हणाला, "मेरी अम्मा की फेवरेट. तेरी वाली को भी चल जाएगी, मां लोगों का क्या है." तलावाकडच्याने कागदात बांधलेली सुकी मासोळी माझ्या मांडीवर ठेवली. कोणी कोणाला सांगून आणलं नव्हतं. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, माझी आई आहे अजून, तिला तिखट शेव आवडते. काका म्हणाले, "मंग तिले जाऊन दे वो बाई, आमच्यावानी वाट नोको पाहू." सगळे हसले. मी मासोळीची पुडी धरून बसलो. चार लोकांच्या माया माझ्याजवळ जमल्या होत्या आणि माझीच तेवढी नव्हती.

म्हणून बुधवारी सुट्टी टाकून मी दरेकशाला मावशीकडे गेलो. मावशी आहे अजून. डोळ्यांनी कमी दिसतं, पण माझ्या चालण्यावरून ओळखलं. चार वर्षांनी आलास म्हणून आधी शिव्या घातल्या, मग कोंबडीचा विचार सुरू केला. मी म्हटलं, मावशी, एकच पुसायला आलो. मायला काय आवडत होतं?

"आता पुसून राहिलास? कायले?"

"नवाखाईले द्याचं आहे. ते द्याचं नाही, मी सोडली. तिच्या आवडीचं दुसरं काई."

मावशी हसायला लागली. तुझ्यासारखीच हसते ती, तोंडावर हात धरून. म्हणाली, "अरे बापा, तिले तर तेच आवडत होतं."

मला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. मी म्हटलं, माय थेंब घेत नव्हती. "कोन सांगतलं तुले?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक गेले का घराच्या मांगं मोहाच्या बुडाशी बसे. एक कटोरी. जास्त नाही. मंग गाने म्हने. गोड गरा होता तिचा. मी बी जाऊन बसो तिच्या जवर."

"आनि मी?"

"तू झोपला राहस. तुले दिसू नये म्हनून तर मांगं बसे."

तुझ्या अंगाला कायमच मोहाचा वास. त्यात तू प्यायलेली आहेस की नाही, हे कोणाला कळणार होतं? मी त्याच वासात तोंड खुपसून झोपत होतो. तू गात होतीस हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी तुझं एकही गाणं ऐकलेलं नाही माय. मावशीला म्हटलं, एखादं म्हणून दाखव. तिने सुरुवात केली, दोन ओळींत तिला खोकला आला, आणि मला तर शब्द कळलेच नव्हते.

मग ती पुढे बोलली. बोलली नसती तरी चाललं असतं, असं तेव्हा मला वाटलं. "तू आयटीआयच्या सुट्टीत आलता ना, पिऊन आंगनात पडला होतास. दुसऱ्या दिवसी सकारी ती आली माह्या घरी. म्हने, बाई, मी आता नाही घेनार. मी सोडीन त पोरगा सोडील. मी म्हटली, पागल झाली का? पन सोडली तिनं. हात थरथरे तिचा, रात रात झोप नाही. रोज उतरवे, रोज विके, पन तोंडाले लावली नाही. मरतपावतर."

तो थरथरणारा हात मी पाहिलाय. तू चहाची कपबशी पुढे केलीस आणि अर्धा चहा बशीतून खाली सांडला. मी हसून म्हणालो होतो, माय, म्हातारी झालीस. तू पण हसलीस. त्या हाताला काय होत होतं, हे आता मला चांगलं कळतं. पहिल्या आठवड्यात माझ्याही हातात पाना धरवत नव्हता. पण मला गोळ्या होत्या, तक्ता होता, मॅडम होत्या, काकांच्या शिव्या होत्या. बाहेरच्या बाकावर बायको बसलेली होती. तू नळीच्या तोंडाशी बसून सोडलीस, दुसऱ्यांचे ग्लास भरता भरता, आणि ज्याच्यासाठी सोडलीस त्याला सांगितलंही नाहीस. मी सोडीन तर पोरगा सोडील. कोणी शिकवला होता तुला हा सौदा? आणि मी तर पीतच राहिलो. सांगितलं असतंस तर सोडली असती, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण तेवढा मी स्वतःला ओळखतो. हसण्यावारी नेलं असतं. तरी तू सांगायला हवं होतंस. निदान आपण दोघं एका जागी बसून थरथरलो असतो.

सकाळी निघताना मावशीने पाण्याची प्लास्टिकची बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. वास आलाच. मी म्हटलं, मावशी, मी सोडून राहिलो ना. आणि मायने पण सोडली होती म्हणतेस. ती म्हणाली, "जित्तेपनी सोडली. मेल्यावर कायची सोडते? तू नोको पिऊ. तिचा वाटा तिले दे. वर्षभर वाट पाहते बिचारी." आता कोणी शहाणा म्हणेल, बाटली तिथेच ठेवून यायची. आपल्याकडे मेलेल्या माणसाचा वाटा परत करतात का? मला जमलं नाही. मी पिशवी घेऊन पॅसेंजरमध्ये बसलो. पिशवी पायांत ठेवली, मग मांडीवर घेतली, मग वर टाकली, मग पुन्हा काढली. आमगावला मी दाराशी जाऊन उभा राहिलो होतो, स्टेशनच्या मागे एक जागा माझ्या ओळखीची आहे. गाडी सुटली तेव्हा मी गाडीतच होतो, एवढंच सांगतो. गोंदियाला उतरलो तो घरी गेलो नाही. गुरुवार होता. तसाच दवाखान्यात गेलो.

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "मी आज प्यायलो नाही. पण माझ्याजवळ आहे." आणि बाटली काढून पायाशी ठेवली. झाकण ढिलं होतं. पंखा फिरत होता, त्याने वास सगळ्या खोलीभर नेला. ऑटोवाल्याने आवंढा गिळला तो सगळ्यांना ऐकू आला. तलावाकडचा उठून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "हे इथे आणायला नको होतं," आणि खुर्ची पुढे ओढून, "आणलंय, तर बोला." मी सगळं सांगितलं. तुझी कटोरी, तुझं गाणं, तुझं सोडणं. मोठी माणसं खाली बघून ऐकत होती.

मग वाद पेटला. काका म्हणाले, "सोडली म्हनजे सोडली. एवढ्या हिमतीनं सोडली त्या बाईनं, आनि तू तिले मेल्यावर पाजतोस?" ऑटोवाला उसळला, "अरे काका, ऊपर जाके तो पीने दो बेचारी को! ज़िंदगी भर लड़के के लिए तरसी." "तरसली म्हनूनच नाही द्याची." "तरसी इसलिए तो देना!" दोघे हातघाईवर यायचे बाकी होते. मेलेल्या एका बाईने एक कटोरी घ्यावी की नाही यावरून दोन पियक्कड भांडत होते आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुझ्याविषयी कोणी एवढ्या पोटतिडकीने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.  मॅडमनी मलाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, मला ती हवी आहे. बाटली की माय, हे मी बोललो नाही आणि कोणी विचारलंही नाही.

शेवटी काकाच उठले. "तुमच्यात कुठं सोडतात धार?" मी म्हटलं, भुईवर. "मंग दवाखान्याची भुई भुई नाही का? चाल." त्यांनी एका हाताने बाटली उचलली, दुसऱ्याने मला. सगळे निघाले, मॅडमसुद्धा. मागे पाण्याच्या टाकीपाशी एक कडुनिंब आहे, तिथे आम्ही गोल उभे राहिलो. ऑटोवाला नाकाला रुमाल लावून होता. काकांनी माझं कोपर असं घट्ट धरलं की दुखायला लागलं, आणि मी उजव्या हातावरून धार सोडली. ओंजळभर नाही, अख्खी बाटली. हाक मारताना नाव घ्यायचं असतं, पण गटात खरी नावं घेत नाहीत, म्हणून मी नुसतं "माय" म्हटलं. तलावाकडचा माझ्या मागे येऊन उभा होता, तोही हळूच "माय" म्हणाला. मातीने सगळं ओढून घेतलं. मग काका म्हणाले, "आता हात धू." नळाशी सगळ्यांनी हात धुतले, बाटलीला शिवले नव्हते त्यांनीसुद्धा.

नवाखाई परवाच झाली. घरात बाटली आली नाही. पळसाच्या पानावर नवा भात ठेवला, शेजारी बोरकूट, ताजी जिलबी, मासोळी, मॅडमनी नंतर आणून दिलेली शेव. एवढं ताट तुला जन्मात कोणी वाढलं नसेल. द्रोणात पाणी होतं, त्याची धार सोडली. हाक मारली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मी आज प्यायलो नाही." म्हणून थांबलो. मागे बायकोला वाटलं मी पुढचं विसरलो. पोरीला भूक लागली होती, ती चुळबुळत होती. पण मी थांबलो होतो, कारण माझं झालं की शेजारच्याची पाळी असते. तुझी होती. पुष्कळ वेळ वाट बघितली माय. मग बायको म्हणाली, "झालं असंल त्यांचं. वाढू का?" आणि आम्ही जेवलो.

ही चिठ्ठी मी कुठे टाकणार नाही, गटातही वाचणार नाही. गटात सगळं सांगायचं असतं आणि मी एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या दिवशी नळाशी सगळे हात धूत होते तेव्हा मी डावाच धुतला. उजवा तसाच ठेवला. पाळीवर बॉयलरपुढे धानाचा भुसा लोटताना दोनदा तो नाकाशी नेला. प्यावंसं वाटलं नाही, असं खोटं लिहीत नाही. पण त्याच्याही आधी, अगदी आधी, झोप आली. तुझ्या पदराखाली यायची तशी.